‘हास्यास्पद’ या एका शब्दासाठी: सिल्व्हर फुटबॉलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘निःपक्ष’ या टोपणनावाने लिहिणारे वाचक यांस,

बिग टेन या अमेरिकी कॉलेज फुटबॉल लीगच्या सिल्व्हर फुटबॉल पुरस्कारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: लेखात वजन यावं म्हणून आकडे पेरले आहेत, इलिनॉयच्या रेड ग्रेंज या खेळाडूबद्दलचा एक आकडा चुकला आहे, शिकागोच्या वर्तमानपत्राचा पुरस्कार म्हणजे तो शिकागोधार्जिणाच असणार, २०११पासून लीगचे स्वतःचे पुरस्कार आल्यावर याला कोण विचारतं, आणि शेवटी, ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनबद्दल, “१९७५मध्ये ज्या ग्रिफिनला देशाने सर्वोत्तम ठरवलं, त्यालाच घरच्या घरी डावलणारा पुरस्कार हास्यास्पद नाही तर काय?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘आकडे पेरले’ ही काय भाषा झाली? आकडे दिले नाहीत तर लेख पोकळ, दिले तर पेरलेले. मग लिहिणाऱ्याने करावं तरी काय? कॉलेज फुटबॉलचे हंगाम मी चौदा वर्षं न चुकता पाहतो आहे आणि या पुरस्काराची यादी मला पाढ्यांसारखी पाठ आहे. ती मिरवायची म्हणून लेख लिहिला नव्हता. टोपणनाव ‘निःपक्ष’ घ्यायचं आणि पहिल्याच वाक्यात लेखकाच्या हेतूवर यायचं, हे मात्र जमलंय तुम्हाला.

चूक आहे ती आधी मान्य करतो. १८ ऑक्टोबर १९२४च्या इलिनॉय विरुद्ध मिशिगन सामन्यात ग्रेंजने पहिल्या १२ मिनिटांत पाच टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडणं) असं मी लिहिलं होतं. ते चार हवेत. पहिला तर सुरुवातीच्या किकऑफवर, ९५ यार्ड धावून. पाचवा त्याने बऱ्याच वेळाने धावून केला आणि सहावा त्याच्या पासवर झाला. सामना इलिनॉयने ३९–१४ जिंकला. त्याच वर्षी सिल्व्हर फुटबॉल सुरू झाला आणि पहिला मान ग्रेंजला मिळाला. दुरुस्ती केली आहे. यापलीकडे त्या परिच्छेदात चूक नाही, तुम्ही कितीही शोधा.

आता ‘हास्यास्पद’कडे येऊ.

मुळात हा पुरस्कार ‘सर्वोत्तम’ खेळाडूचा नव्हताच. शिकागो ट्रिब्यूनने तो काढला तो लीगच्या ‘मोस्ट व्हॅल्युएबल’ खेळाडूसाठी, म्हणजे ज्याच्यावाचून संघाचं अडलं असतं त्याच्यासाठी. माझ्या लेखातही हाच शब्द आहे, दुसऱ्या परिच्छेदात. आधी लेख वाचायचा आणि मग प्रतिक्रिया टंकायची असा साधारण क्रम असतो.

निवड दोन टप्प्यांत व्हायची. हंगाम संपला की प्रत्येक संघातले खेळाडू आपल्यातल्याच एकाला मत देऊन संघाचा मोस्ट व्हॅल्युएबल निवडत. असं प्रत्येक कॉलेजातून एकच नाव वरच्या मतदानाला जायचं आणि लीगचा मानकरी त्या मोजक्या नावांतूनच ठरायचा. १९७५मध्ये ओहायो स्टेटच्या खेळाडूंनी नाव दिलं ते क्वार्टरबॅकचं, म्हणजे मैदानावर चाल चालवणाऱ्या कॉर्नेलियस ग्रीनचं. आर्ची ग्रिफिन पडला तो आपल्याच लॉकररूममध्ये. ‘घरच्या घरी डावललं’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा डावलणारे कोण हे तरी बघा: त्याच्यासाठी रोज अंगावर मार घेणारे, त्याच्याच शेजारी कपडे बदलणारे खेळाडू. १९७३ आणि १९७४मध्ये याच पुरस्कारावर ग्रिफिनचं नाव कोरलं गेलं होतं. तेव्हा तो हास्यास्पद नव्हता वाटतं?

आणि त्यांनी ग्रीनला का निवडलं असेल, याचं उत्तर मैदानावर आहे. प्रशिक्षक वुडी हेजचा ओहायो स्टेट धावण्यावर जगणारा संघ. अशा संघात ऑप्शन नावाची चाल खेळतात ती कशी, ते एकदा नीट पाहा. फळीच्या मधोमध असलेल्या सेंटरकडून चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चेंडू फुलबॅकच्या, म्हणजे मधून मुसंडी मारणाऱ्याच्या, पोटाशी धरतो, पण सोडत नाही. समोरच्या फळीतला नेमलेला गडी काय करतो इकडे त्याचं लक्ष. तो गडी जागेवर थांबला तर चेंडू फुलबॅकला द्यायचा. तो फुलबॅकवर तुटून पडला तर चेंडू काढून घ्यायचा आणि कडेकडे सुटायचं. तिथे दुसरा गडी उभा असतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर चेंडू बाजूला मागे धावणाऱ्या टेलबॅककडे फेकायचा, टेलबॅकला झाकायला बाहेर गेला तर स्वतः आत वळायचं. हे सगळं दोनेक सेकंदांत. फुलबॅकच्या पोटातून हात काढायला उशीर झाला की चेंडू दोघांच्या हातात अडकतो आणि खाली पडतो. फेक लवकर केली तर कडेच्या गड्याला सावरून टेलबॅकला गाठता येतं. उशिरा केली तर मार खाताखाता फेकलेला चेंडू भलतीकडे जातो, आणि मागे फेकलेला चेंडू जमिनीवर पडला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा.

त्या संघात फुलबॅक होता पीट जॉन्सन आणि टेलबॅक ग्रिफिन. टचडाउनचा ढीग जॉन्सनच्या नावावर. ग्रिफिनने त्या हंगामात हजारावर यार्ड काढले, पण धावून केलेले टचडाउन अवघे चार. चेंडू कोणाला द्यायचा हे ज्याच्या डोक्यात ठरायचं तो ग्रीन. ओहायो स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य क्वार्टरबॅकही तोच, आणि त्या काळात त्या जागेवर उभं राहणं सोपं नव्हतं.

२२ नोव्हेंबर १९७५चा मिशिगनचा सामना घ्या. ग्रिफिनची सलग ३१ सामन्यांत शंभर यार्ड ओलांडण्याची मालिका त्याच दिवशी तुटली. मिशिगनने त्याला बांधून ठेवलं. ओहायो स्टेट ७–१४ असा मागे, शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि उत्तरार्धात आक्रमणाला सूर असा सापडलेलाच नाही. तेव्हा ग्रीनने स्वतःच्या २० यार्डांवरून ८० यार्डांची चढाई रचली, धावण्यावर जगणाऱ्या संघाला पासवर पुढे नेलं, आणि जॉन्सनने ती टचडाउनने पुरी केली. मग आर्चीच्याच भावाने, रे ग्रिफिनने, मिशिगनचा पास पकडला, जॉन्सन पुन्हा आत घुसला, २१–१४. या दिवसानंतर खेळाडूंनी ग्रीनचं नाव दिलं यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही.

१९७५मध्ये ग्रिफिनला देशाचा सर्वोत्तम ठरवणारा हाइजमन पुरस्कार कोण ठरवतं? मुख्यतः पत्रकार. प्रत्येक मतदाराने तीन नावं लिहायची, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आज देशाचे सहा विभाग आणि प्रत्येकी १४५ पत्रकार, म्हणजे ८७० मतं, शिवाय हयात असलेले माजी विजेते. ओरेगनमधल्या पत्रकाराने कोलंबसचा, म्हणजे ओहायो स्टेटचा, संघ हंगामात किती वेळा डोळ्यांनी पाहिलेला असतो? तो मथळे वाचतो, धावांचे यार्ड वाचतो. ग्रिफिनचे यार्ड मोजता येतात, ग्रीनचा दोन सेकंदांचा निर्णय कुठल्याच रकान्यात बसत नाही. ग्रिफिनचा हाइजमन खोटा आहे असं मी म्हणत नाही (हे वाक्य मुद्दाम लिहितोय, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर यायची). दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळ्या लोकांनी दोन उत्तरं दिली, इतकंच.

आणि १९७५ हे काही एकटं वर्ष नाही. १९४१मध्ये मिनेसोटाच्या ब्रूस स्मिथला हाइजमन मिळाला आणि सिल्व्हर फुटबॉल गेला ओहायो स्टेटच्या जॅक ग्राफकडे. स्मिथचा गुडघा त्या हंगामात दुखावलेला होता. उलट जे बर्वांगर १९३५, नाइल किनिक १९३९, टॉम हार्मन १९४०, लेस होर्वाथ १९४४, विक जानोविच १९५० यांनी दोन्ही मान मिळवले. म्हणजे दोन्हीकडची मतं बऱ्याचदा जुळतात आणि कधी फारकत घेतात. दरवर्षी जुळणारच असतील तर दुसरा पुरस्कार ठेवायचा कशाला?

खेळाडूंनी नाव पाठवण्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला झाला ते यादीत दिसतं. ब्लॉकिंग करणाऱ्या, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या, चेंडूला क्वचितच हात लावणाऱ्या लाइनमनला. हाइजमन आजवर एकाही गार्डला, सेंटरला किंवा टॅकलला मिळालेला नाही. सिल्व्हर फुटबॉल १९३१मध्ये मिनेसोटाच्या गार्डला, क्लॅरन्स मनला, मिळाला. १९४६मध्ये इलिनॉयचा गार्ड ॲलेक्स अगासी. १९६०मध्ये मिनेसोटाचा गार्ड टॉम ब्राउन, जो त्या वर्षी हाइजमनमध्ये दुसरा आला. १९६३मध्ये डिक बटकस, सेंटर आणि बचावातला लाइनबॅकर दोन्ही. १९९६मध्ये ओहायो स्टेटचा टॅकल ऑरलँडो पेस, आणि हाइजमनमध्ये त्याला चौथ्या जागेवर समाधान मानावं लागलं. लाइनमन काय करतो ते शेजारच्या लाइनमनला कळतं, प्रेक्षक चेंडूमागे डोळे लावून बसलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १९८०मध्ये सुरू झालेल्या मॉरिस ट्रॉफीने हेच तत्त्व आणखी पुढे नेलं: आक्रमणातले लाइनमन प्रतिस्पर्धी बचावाच्या लाइनमनला मत द्यायचे, बचावातले आक्रमणातल्याला. ज्याचा मार खाल्ला त्यालाच मत.

यातलं माझं सगळ्यात आवडतं वर्ष १९२५. ग्रेंज अजून इलिनॉयकडूनच खेळत होता, अमेरिकाभर त्याच्या नावाचा डंका होता, आणि पुरस्कार मिळाला नॉर्थवेस्टर्नचा सेंटर टिम लोरी याला. त्या वर्षी मिशिगनने पूर्ण हंगामात फक्त तीन गुण दिले, आणि ते नॉर्थवेस्टर्नला. सोल्जर फील्डवर गुडघाभर चिखल, नॉर्थवेस्टर्न ३–० पुढे, आणि चेंडू त्यांच्याच गोलरेषेजवळ. तिथून पंट (हातातून सोडलेला चेंडू दूर लाथाडणं) मारायची तर ओल्या चेंडूवर सेंटरची फेक चुकणार किंवा किक अडवली जाणार, आणि टचडाउन बसणार. म्हणून त्यांनी आपणहून सेफ्टी दिली, म्हणजे दोन गुण दान केले आणि त्या बदल्यात कोणी अंगावर न येता मारायची मोकळी किक मिळवली. सामना ३–२. पेपरने आपल्या मर्जीने पुरस्कार दिला असता तर दुसऱ्या वर्षीही त्यावर ग्रेंजचंच नाव असतं, कारण पेपर त्याच्यावर खपत होता.

उरलेल्या मुद्द्यांबद्दल फार लिहायची गरज वाटत नाही. शिकागोधार्जिणेपणा: सगळ्यात जास्त मानकरी ओहायो स्टेटचे आहेत, आणि ओहायो स्टेट शिकागोत नाही हे नकाशा पाहून कळेल. २०११पासूनचे लीगचे पुरस्कार: ग्रॅहम-जॉर्ज आक्रमणासाठी, नागुर्स्की-वुडसन बचावासाठी, मला ठाऊक आहेत, माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. हल्ली सिल्व्हर फुटबॉलची मतं मुख्य प्रशिक्षक देतात आणि आपल्याच खेळाडूला मत देता येत नाही, हेही लेखाच्या शेवटी आहे, तिथपर्यंत तुम्ही पोहोचला असाल तर. ग्रॅहम-जॉर्जमधला ओटो ग्रॅहम हा १९४३चा सिल्व्हर फुटबॉलचा मानकरी, एवढंच जाता जाता.

“टीका सहन होत नसेल तर लिहू नये” असंही तुम्ही शेवटी सुचवलंत. बाराऐवजी पंचवीस ओळींची टीका करा, पण १९७५च्या मिशिगन सामन्यातली ती ८० यार्डांची चढाई आधी बघून घ्या. ग्रीनच्या जागी कोणाला मत दिलं असतंत, आणि का, हे नावानिशी लिहिलंत तर उत्तर देईन. ‘हास्यास्पद’ एवढाच शब्द पुन्हा आला तर तो तसाच राहू देईन.