पाटी नसलेला डॉक्टर

गेल्या आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास मी अमळनेरात आजार होण्याआधीच सल्ला देणारा डॉक्टर शोधू लागलो, तेव्हा ओळखीच्या औषध दुकानदाराने विचारले, "पण सर, तुम्हाला झालंय काय?" मला काहीच झाले नव्हते, वडिलांना बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायू झाला होता आणि मीही आता बावन्न वर्षांचा झालो होतो, एवढेच.

हृदयरोग आणि मधुमेहतज्ज्ञांच्या पाट्या जळगाव-धुळ्यात हव्या तेवढ्या दिसतात, परंतु प्रतिबंधक वैद्यकाची पाटी मला कोठेही आढळली नाही. वास्तविक या विषयात एम.डी. करता येते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत 'जनऔषधवैद्यकशास्त्र' या नावाने त्याचा विभागही असतो (नावावरून स्वस्त औषधांचे दुकान वाटावे, हा भाग वेगळा). मात्र लसीकरण, साथी, सातपुड्यातील सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असे संपूर्ण समाजाचे प्रश्न हे त्या विभागाचे मुख्य काम. माझ्यासारख्या एकट्यादुकट्याने दार कोठे ठोठवावे, हे कोणी सांगत नाही.

मग मी एका प्रयोगशाळेचे सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेतले. अहवालात चार आकडे ठळक छापलेले होते आणि त्यांचा अर्थ सांगायला तेथे कोणीही नव्हते.

तो अर्थ अखेर आमच्याच गल्लीच्या टोकाशी बसणाऱ्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांनी सांगितला. त्यांनी मला पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब दोनदा मोजला, टॉर्च घेऊन तोंड तपासले, तंबाखूविषयी विचारले आणि वडिलांचा आजार कोणत्या वयात सुरू झाला, हे वहीत लिहून घेतले. पापड, लोणचे आणि शेवभाजी आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्न आल्यावर मी थोडे खोटे बोललो, हेही कबूल करतो. चारपैकी तीन आकडे त्यांनी बाजूला सारले. उपाशीपोटी साखर ११२ होती, म्हणजे १०० ते १२५ या मधुमेहपूर्व टप्प्यात, तेवढ्याचीच दखल घेतली. गोळी दिली नाही. खानदेशातले ऊन लक्षात घेऊन सूर्योदयापूर्वी चालण्यास आणि तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगितले.

माझ्या मते तक्रार नसलेल्या माणसाला जो इतके प्रश्न विचारतो आणि त्याची नोंद ठेवतो, तोच आपला प्रतिबंधक डॉक्टर. पदवीची शोधाशोध त्यानंतर.

तिशीनंतर रक्तदाब, साखर, तसेच तोंडाच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, हे मला त्याच डॉक्टरांकडून कळले. घरी येऊन मी ते मोठ्या उत्साहाने सांगितले, तर आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, की आशाताईंनी त्यांना मागच्या वर्षीच नेऊन आणले होते.