पाकिटाची मागची बाजू

खाण्याच्या पाकिटावर पुढच्या बाजूला हिरवी पानं, उगवता सूर्य आणि 'पौष्टिक' हा शब्द असतो. कंपनीला सांगायचं असतं ते पुढे, सांगावं लागतं ते मागे. म्हणून मी पाकीट हातात आलं की आधी उलटं करतो. मागचा मजकूर चष्म्यालाही दाद देत नाही, मग मोबाईलने फोटो काढून तो मोठा करायचा. आजूबाजूचे लोक संशयाने बघतात. बघू देत.

पहिला चकवा 'सर्व्हिंग'चा. सर्व्हिंगमागे साखर फक्त ५ ग्रॅम, हे वाचून जीव भांड्यात पडतो. मग बारीक अक्षरांत कळतं की सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस बहुधा लेबल लिहिणाऱ्यांच्याच ऑफिसात कामाला असावा. आपण सरळ 'प्रति १०० ग्रॅम'चा रकाना धरावा. दोन पाकिटांची तुलना तिथेच होते.

साखर हे प्रकरण जास्त बेरकी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि साखर पहिल्या नंबरावर दिसली तर अब्रू जाते. मग ती घरात वाटणी करून घेते: थोडी 'साखर', थोडं 'ग्लुकोज सिरप', थोडं 'डेक्स्ट्रोज', थोडं 'इन्व्हर्ट सिरप'. प्रत्येकीचा वाटा लहान, त्यामुळे सगळ्या यादीत खाली गपचूप बसतात. बेरीज आपण करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. दिवसाच्या २००० कॅलरी धरल्या तर १० टक्के २००; साखरेच्या ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे ५० ग्रॅम. २५ वर आणलं तर उत्तम. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम असतात, तेव्हा उत्तमचा विषय तिथेच संपतो.

मिठाला तर लेबलवर स्वतःच्या नावाने यायचीही लाज वाटते. ते 'सोडियम' म्हणून येतं, तेही मिलिग्रॅममध्ये. अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत, साधारण एक छोटा चमचा. 'मी वरून मीठ घेतच नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांचं मीठ ब्रेड, सॉस आणि चीजमधून आधीच पोटात गेलेलं असतं. ते पातळ करायला शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो.

पण सगळं खापर मिठावर फोडू नये. आहाराने रक्तदाब उतरतो का हे पाहणाऱ्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' चाचणीत ४५९ जणांचं मीठ आणि वजन मुद्दाम कायम ठेवलं होतं. फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, एकूण चरबी कमी केली. आठ आठवड्यांत, ज्यांचा दाब मुळात चढलेला होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ११ ने जास्त उतरला. एकेका घटकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

'मल्टिग्रेन' म्हणजे धान्यं अनेक. ती अख्खी आहेत असं कोणीच म्हटलेलं नसतं. यादीत पहिला मैदा असेल तर बाकीची धान्यं पाहुणी. कर्बोदकांच्या आकड्याला फायबरच्या आकड्याने भागा. उत्तर १० किंवा कमी आलं तर माल बरा. फायबर दिवसाला किमान २५ ग्रॅम हवं. त्यातला विरघळणारा भाग आतड्यात चरबी पचवणाऱ्या पित्ताम्लांना बांधून बाहेर नेतो. नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

एवढं वाचून काही उत्साही मंडळी १० ग्रॅमवरून एका रात्रीत ३५ वर उडी मारतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू मेजवानी समजून ते आंबवतात, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळे खिडकी उघडायला सुचवतात. आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा, सोबत पाणीही वाढवा. तोवर खिडकीजवळची खुर्ची धरा.