विषय क्रमांक तीन: लिफ्ट

आज सकाळी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. साडेदहाची मीटिंग अकरा पंचवीसला सुरू झाली, ते चालायचंच. अजेंड्यावर पाच विषय. टाकीच्या गळतीवर पाऊण तास. लिफ्टवर सहा मिनिटं, मी घड्याळ बघत होते. आणि 'बॅचलर भाडेकरू' या विषयावर एक तास दहा मिनिटं. आवाज इतके चढले की शेजारच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली.

लिफ्ट पुढच्या मीटिंगवर ढकलली. बॅचलर पोरांना तीन महिन्यांत बाहेर काढायचा ठराव मात्र हात वर करून पास.

मी अजून रागात आहे, त्यामुळे लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या बाजूला राहतो. ग्राउंड प्लस फोर, दोन विंग, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. बहात्तर पायऱ्या. २००३ मध्ये घर घेतलं तेव्हा चौथा मजला घेतला की चौरस फुटामागे पन्नास रुपये कमी लागत होते, आणि आमच्याकडे तेवढेच कमी होते. बाबा परळच्या गिरणीतले. ८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करत राहिले. लालबागची पागडीची खोली विकली, काकांचा वाटा दिला, उरलं त्यात हे घर बसलं. आई पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा खिडकीतून डोंगर दिसला म्हणून रडली. स्वतःचं संडास-बाथरूम घरातच आहे म्हणूनही रडली असणार, पण सांगताना ती डोंगराचंच सांगते.

तेव्हा आई छपन्नची होती. दिवसातून चार वेळा खाली-वर करायची. लिफ्ट नाही हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला ती बाथरूममध्ये घसरून पडली. खुबा मोडला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आलं आणि तिथे अडकलं, कारण आमचा जिना वळतो तिथे रुंदीच नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, ताई, पेशंटला खाली आणा. कसं आणू? भाऊ पुण्यात, वाकडला. मी एकटी. (लग्न का केलं नाहीस, हा विषय इथे नाही, कमेंटमध्येही नको.)

मी जिन्यात उभी राहून हाका मारल्या. बऱ्याच दारांमागे लाइट लागले. दार उघडलं ते समोरच्या बी विंगमधल्या पोरांनी. चौघं होते. एक जळगावचा, एक बीडचा, दोघं गोरखपूरकडचे. चौघंही अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. त्यांनी आमच्याच घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची घेतली, आईला त्यात बसवलं, माझ्या दोन ओढण्यांनी छातीला आणि मांड्यांना बांधलं आणि उचललं. वळणावर खुर्ची कठड्याच्या वर धरावी लागत होती. जळगावचा पुढे, उलटा उतरत होता, एकेक पायरी पायाने चाचपत. आई ओरडत होती. तो म्हणत होता, आजी, डोळे मिटा, झालंच, आजी झालंच. बहात्तर पायऱ्या तो 'झालंच' म्हणत होता.

आज ज्यांना बाहेर काढायचं ठरलं ती हीच पोरं.

हो, रात्री एक-एक वाजता गाणी लावतात. लावतात. मीच दोनदा जाऊन सांगितलंय. बाइकही गेटसमोर आडव्या लावतात. झालं? मान्य केलं. आता पुढे.

आपलं बदलापूर वाढतंय, असं सगळे म्हणतात. वाढतंयच. २००१ च्या जनगणनेत लाखाला थोडं कमी होतं, २०११ ला १ लाख ७४ हजार. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली, त्यामुळे आज किती आहोत ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो. मला विचाराल तर सकाळी सात दहाला दोन नंबर फलाटावर उभे राहा, आकडा लागणार नाही. अंबरनाथची माणसं उलटी बदलापूरला येऊन जागा पकडून बसतात आणि आम्ही गाडी सुटते तिथे राहूनही उभे.

पण वाढतंय म्हणजे नेमकं कोण वाढतंय? आमच्या विंगची जनगणना मीच केली आहे, खानेसुमारी अधिकाऱ्याची वाट न बघता. वीस फ्लॅट. सात भाड्याने. दोनांना कुलूप, मालक परगावी मुलाकडे. सहा घरांत फक्त साठीच्या पुढची माणसं, त्यातल्या दोन घरांत एकेकटी बाई. उरली पाच, त्यांना कुटुंब म्हणता येईल. दहा वर्षांखालची मुलं अख्ख्या विंगमध्ये तीन, आणि त्यातली दोन भाडेकरूंची. २००३-०४ मध्ये गणपतीत फॅन्सी ड्रेसला दोन गट करावे लागायचे, लहान आणि मोठा, तरी दोन तास चालायचं. गेल्या गणपतीत फॅन्सी ड्रेस नव्हता. बीपी-शुगर तपासणी शिबिर होतं. तेही गेटजवळ, टेबल मांडून. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्यांनी, म्हणजे ज्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे त्यांनी, ते वरून बघितलं.

आणि त्याच वेळी सोनिवलीकडे, कात्रपच्या मागे, शिरगावकडे जा. टॉवरच टॉवर. सकाळी स्कूलबसची रांग. २०२० च्या अखेरीस बांधकामाची नवी नियमावली आली, इमारतींना उंची मिळाली, त्याच सुमारास मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी ३ टक्क्यांनी कमी केलं, वर आधीपासून पंतप्रधान आवास योजनेचं २ लाख ६७ हजारांपर्यंतचं व्याज अनुदान होतंच. भांडुप, घाटकोपर, दिव्याची तिशीतली जोडपी धडाधड आली. येऊ देत. आम्हीही असेच आलो होतो. त्यांच्या होर्डिंगवर काय काय असतं बघा: येणारी मेट्रो १४, येणारं चिखलोली स्टेशन, येणारी तिसरी-चौथी मार्गिका. सगळं 'येणारं'. आमच्या वेळीही पाणी 'येणारं' होतं. आणि होर्डिंगवरचं कुटुंब कायम तेच. नवरा, बायको, एक मुलगी फुगा घेऊन. आजी असलीच तर पोळ्या लाटायला. तिला खुर्चीत बांधून खाली कसं आणायचं ते होर्डिंगवर नसतं.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग विका ना जुनं आणि जा टॉवरमध्ये. मला आजच मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी हाच सल्ला दिला, हसत. ऐका मग हिशोब. दोन महिन्यांपूर्वी ब्रोकरला बोलावलं होतं. तो दुसऱ्या मजल्यावर थांबून फोनवर बोलल्याचं नाटक करत दम खात होता. वर आला आणि म्हणाला, मॅडम, लिफ्ट नाही, चौथा मजला, अठराच्या वर गिऱ्हाईक नाही. लिफ्टवाला नवा वन बीएचके बत्तीस. वर मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, बांधकाम चालू असेल तर जीएसटी, त्याची दलाली. मला पंधरा-सोळा लाख कर्ज लागणार. मी एकोणपन्नास पूर्ण. बँक निवृत्तीपर्यंतचंच मोजते, म्हणजे हप्ता असा की आईची औषधं बंद करावी लागतील. ज्या चौथ्या मजल्याने आम्हाला घर परवडलं, तोच चौथा मजला आम्हाला इथून हलू देत नाही.

आणि रिडेव्हलपमेंटचं नाव काढू नका. मुंबईत बिल्डर जुन्या बिल्डिंगच्या पाया पडतो कारण त्याला जमीनच नाही. इथे गावाच्या कडेला मोकळी जमीन पडली आहे, तो कशाला आमची चाळीस बिऱ्हाडं सांभाळत, भाडी देत बसेल? त्यात आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. मालकाच्या सहीशिवाय सरकारकडून ते करून घ्यायची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल चार सेक्रेटरी बदलले तरी त्याच पिशवीत आहे. पिशवी बदलली असेल कदाचित.

म्हणून लिफ्ट. बाहेरून बसवायची, जिन्याला लागून. मी स्वतः कोटेशन आणलं, दोन आणली. स्वस्तातलं सतरा लाख. वीस घरांत पंच्याऐंशी हजार पडतात, हप्त्याने द्यायचे. तळमजला म्हणतो आम्ही देणार नाही, आम्ही वर जातच नाही. मग सोळा घरांत लाखाच्या वर जातं, मग पहिला मजला म्हणतो आम्हालाही कुठे लागते. मग दुसरा. असं करत करत लिफ्ट फक्त माझी आणि समोरच्या काकूंची उरते.

आम्ही वर जात नाही म्हणे. २६ जुलै २००५ ला कुठे होतात हो काका? उल्हास नदी तुमच्या दिवाणखान्यात आली होती तेव्हा? आमच्या घरात दोन रात्र अकरा माणसं झोपली होती. तुमचा गॅस सिलिंडर बाबांनी आणि भावाने वर आणला होता. आईने स्टोव्हवर खिचडी केली, तुमच्या आईला पहिल्यांदा वाढली. २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्या रात्रीही तुमचा टीव्ही आमच्या पलंगावर होता. तेव्हा बहात्तर पायऱ्या बऱ्या चढता आल्या.

हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते आले तेव्हा हातात काठी होती आणि मला एकदम ते म्हातारे दिसले. त्यांची पेन्शन किती आहे हे मला माहीत आहे. पंच्याऐंशी हजार त्यांच्याकडे नाहीत, आणि नाहीत असं म्हणायची लाज वाटते म्हणून ते 'आम्ही वर जात नाही' म्हणतात. ठीक आहे. हे आत्ता टाइप करताना सुचतंय, तेव्हा नाही सुचलं.

पण मग निदान पोरांवर तरी राग काढू नका ना. तो ठराव कशासाठी? 'सोसायटीचं वातावरण'. 'फॅमिली सोसायटी आहे'. अहो, फॅमिली आहे कुठे? फॅमिली वाकडला आहे, ठाण्याला आहे, कॅनडात आहे. इथे आपण आहोत आणि आपल्याला भाडं देणारी पोरं आहेत. कुलूप लागलेल्या घरापेक्षा भाड्याचं घर बरं, एवढं तरी कळायला हवं. आणि उपविधीप्रमाणे मालकाने भाडेकरू ठेवताना सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून घ्यायचं दहा टक्के बिनभोगवटा शुल्क आपण दर महिन्याला बरोबर वसूल करतो, ते तेवढं चालतं. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत असे दोघं होते ज्यांची स्वतःची मुलं बंगळुरूला चार जण मिळून फ्लॅट करून राहतात. तिथे कुणी त्यांना 'वातावरण' म्हणत असेल.

आणि एक गोष्ट मला सारखी आठवते आहे. मीटिंग खाली, वॉचमनच्या केबिनजवळ होती. ज्यांना लिफ्ट हवी आहे, ती माणसं मीटिंगला आलीच नाहीत. आई नाही, समोरच्या काकू नाहीत, तिसऱ्यावरचे गुडघेवाले काका नाहीत. हात मोजले तेव्हा लिफ्टच्या बाजूने चार हात. सेक्रेटरी म्हणाले, बघा ताई, मागणीच नाही.

जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानात जमले होते, सरकारने देऊ केलेली, बदलापूरच्याही पुढची शेलू-वांगणीची घरं नकोत, मुंबईतच द्या म्हणून. तेव्हा ऑफिसात एक जण म्हणाला, स्वस्तात मिळतंय तरी नखरे. मी त्याला म्हटलं, ते आता सत्तरीचे आहेत रे. तो म्हणाला, मग काय झालं, हवा चांगली आहे तिकडे. हवा चांगली आहेच. आमची आई दिवसभर चांगली हवा खाते. ऑपरेशननंतर तिला परत वर आणलं ते त्याच खुर्चीतून, त्याच चौघांनी. तेव्हापासून ती दोनदा खाली उतरली आहे, दोन्ही वेळा डॉक्टरसाठी. बाकी खिडकी. भाजीवाल्याला वरून हाक मारते, दोरीने टोपली सोडते. तिला आता रस्त्यावरची माणसं डोक्यावरून ओळखू येतात. अमक्याचं टक्कल वाढलं, तमकीने केस रंगवायचे सोडले, असं सांगते. जळगावच्याला ती पावलांवरून ओळखते. तो येता-जाता खालून ओरडतो, आजी, काय आणायचंय? मला तो मावशी म्हणतो. ते मी सोडून देते.

दुपारी वर आले तेव्हा तिने विचारलं, काय ठरलं गं लिफ्टचं? म्हटलं, पुढच्या मीटिंगला घेणार आहेत. म्हणाली, बरं. मग म्हणाली, आणि पोरांचं? मी म्हटलं काही नाही, गाणी हळू लावा म्हणून सांगणार आहेत. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोपलीची दोरी गुंडाळायला लागली.

विषय क्रमांक पाच राहिला सांगायचा. 'कॉमन पॅसेजमधील खासगी सामान हटविणे.' सात दिवसांची मुदत आहे, नोटीस लागली आहे. आमचं सामान म्हणजे चौथ्या मजल्याच्या वळणावर ठेवलेली एक लाल प्लास्टिकची खुर्ची, हाताला ओढणी बांधलेली. ती मी हलवणार नाही. सेक्रेटरी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच.