दिवाळी अंकासाठी कथा लिहिताय?

लिहा, अवश्य लिहा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर दिवाळीला कथा लागतातच आणि कुणीतरी त्या पाडायलाच हव्यात. यंदा ४०० रुपये मोजून घेतलेल्या अंकातली एक दीर्घकथा मी नेटाने शेवटपर्यंत वाचली. (अर्धी पान ९० वर, उरलेली पान १८४ वर, मध्ये दागिन्यांच्या जाहिराती.) तिच्या आधारे हे मार्गदर्शन. फुकट आहे, घ्या.

सुरुवात पावसाने करा. नायिका खिडकीशी उभी, हातात वाफाळत्या कॉफीचा मग. चहा नको, चहा पिणाऱ्या बाईला भूतकाळ नसतो. पाऊस पडला की मन आपोआप मागे धावतं आणि पुढची सहा-सात पानं तुमची तिकडेच निघतात. परत आलात की कॉफी गार झालेली असते, तेवढं लिहायला विसरू नका.

नायिकेचं नाव सांगू नका. ‘ती’ म्हणा. तिची आई ‘ती’, सासू ‘ती’, ऑफिसातली मैत्रीणही ‘ती’. कोण कुणाच्या कुशीत शिरून रडतंय ते वाचकाने शोधावं, त्याला दुसरं काम काय?

टिंबं... सढळ... हाताने... वापरा...

‘म्हणाली’ लिहिणं कमीपणाचं आहे. उद्गारली, पुटपुटली, हुंकारली, फुत्कारली. “जरा मीठ दे,” ती फुत्कारली.

नवरा-बायकोने एकमेकांना ठाऊक असलेलं सगळं एकमेकांना सांगावं. “तुला तर माहीतच आहे, आपल्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत.” जेवताना घरोघरी हेच चालतं.

निसर्गाला मोकळीक द्या. गुलमोहर फुलतो ऐन उन्हाळ्यात, पारिजातकाचा सडा पडतो पाऊस ओसरताना. तुमच्या अंगणात दोन्ही एकाच सकाळी. कथा रत्नागिरीला नेलीत तर सूर्य बिनधास्त समुद्रातून उगवू द्या. पश्चिम किनारा आहे म्हणून काय झालं?

आता मुख्य विषय, बोली. कथेत एक गरीब माणूस हवा आणि तो ‘गावरान’ बोलायला हवा. नायिका कुठलीही असो, तिच्या तोंडी छापील मराठी. तिची जमीन कसणारा माणूस कुठलाही असो, त्याच्या तोंडी हे: “आवं धनी, लई वाटुळं झालं बगा. मला काय बी ठावं न्हाई.” माझ्या हातातल्या कथेत हा माणूस अकोला जिल्ह्यातला शेतकरी आहे. मीही तिथलाच. बहुधा तो साताऱ्याच्या गाडीत बसला असावा आणि झोप लागल्याने मूर्तिजापूरला उतरला असावा. अहो, आमच्याकडे “मले काई मालूम नाई” म्हणतात. “काऊन बे, काय करून रायला?” असं विचारतात. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आम्ही पोयी खातो, आमचे डोये दुखतात आणि आमची पोट्टी शायेत जातात. मालवणात ‘मला’चं ‘माका’ होतं, खानदेशात ‘आहे’चं ‘शे’ होतं, कोल्हापूरकडे बाईसुद्धा ‘मी येतो’ म्हणून निघते. हे ऐकायला पैसे पडत नाहीत. पण तुमच्या लेखी पुण्याच्या टोलनाक्यापलीकडे एकच भाषा, तमाशापटातल्या गावकऱ्याची! आणि ती फक्त गरिबाला. त्याच गावातले सरपंच, डॉक्टर आणि मास्तर मात्र आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसल्यासारखे बोलतात. गावात राहून त्यांच्या जिभेला काहीच झालं नाही? माझे मास्तर भूमितीसुद्धा वऱ्हाडीत शिकवायचे, आणि ती आम्हाला कळायची.

एवढ्यावर थांबू नका. श्रावणात त्या शेतात “कापसाची कणसं वाऱ्यावर डोलत होती” असंही लिहा. कणसं! कापसाला बोंडं येतात हो, बोंडं. कोरडवाहू कापूस जूनमध्ये पावसावर पेरतात, वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. श्रावणात तो माणूस निंदण, डवरणी नाहीतर फवारणी करत असतो. कणसं बघत उभा नसतो.

शेवट सुचत नसेल तर कुणाला तरी मारा. शक्यतो गरिबाला.

तसंच केलंत तुम्ही. शेवटच्या पानावर त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, पुण्यात नायिकेला फोन आला, पाऊस थांबला, तिच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या आणि तिला ‘मातीशी असलेलं नातं’ उमगलं. लाज वाटली पाहिजे. आमच्याकडे ही गोष्ट कथेतली नाही, शेजारच्या घरातली आहे. ज्या माणसाच्या मरणावर तुमची कथा उभी आहे, तो जिवंतपणी ‘पाणी दे’ कसं म्हणतो हे तुम्ही एकदाही ऐकलेलं नाही. त्याची बायको तर अख्ख्या कथेत फक्त हंबरडा फोडायला येते, तिला एक धड वाक्य नाही. अकोला–अकोट एसटीत बसा आणि तोंड बंद ठेवून नुसतं ऐका. तेवढं होत नसेल तर त्याच्या तोंडी सरळ प्रमाण मराठी घाला, कुणी हसणार नाही. तेही नको असेल तर फ्लॅट, खिडकी आणि कॉफी यांचीच गोष्ट लिहा. ती निदान तुमची असेल.

आणि संपादक, तुम्हीही ऐका. मुद्रितशोधकाचं नाव पहिल्या पानावर छापता, वेलांट्या तपासून घेता आणि कापसाची कणसं कुणालाच खटकत नाहीत? अकोल्यात तुमचे वर्गणीदार आहेत. छापण्याआधी त्यांतल्या एकाला फोन करा, पाच मिनिटांत सांगेल. तेवढंही होणार नसेल तर मुखपृष्ठावर ‘ग्रामीण वास्तवाचं दाहक दर्शन’ असं छापू नका.