वाघबीळच्या भिंतीचं ड्रॉइंग: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की, वाघबीळच्या प्लॉटच्या कंपाउंड भिंतीचं ड्रॉइंग आम्ही नऊ तुकड्यांत केलं, मिस्त्रींना त्यातलं काही कळेना, ब्लॉक जास्त मागवायला लागले, आणि भिंत उताराबरोबर तिरकी न घेता पायऱ्या पाडून ठेवल्या. पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक आमच्या ऑफिसची आहे. चौथीवर माझं मत वेगळं आहे, ते पुढं सांगतो.

तुमचा फोन आला त्याच रात्री फाइल उघडून बसलो. रेव्हिटमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही ड्रॉइंग करतो त्यात, सरळ भिंतीचं ‘एडिट प्रोफाइल’ करता येतं, म्हणजे भिंत समोरून जशी दिसायला हवी तशी बाह्यरेषा काढली की ती तोच आकार घेते. गोलाईतल्या भिंतीला, निदान आमच्याकडच्या आवृत्तीत, ही सोय नाही. तुमच्या गेटजवळ भिंत गोल वळते. तिथं प्रोफाइल चालेना, म्हणून आमच्या ऑफिसातल्या मुलानं गोलाईचे तुकडे केले आणि तीच रीत पुढच्या २८ मीटर सरळ भिंतीलाही लावली. नऊ तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा ३०० मिमी खाली. टोकं आपोआप जुळताना वेडीवाकडी दिसायला लागली, तेव्हा त्यानं जोडणीच बंद केली आणि फट राहू नये म्हणून प्रत्येक तुकडा शेजारच्यात २०० मिमी घुसवला. भिंती एकमेकींवर आल्या की सॉफ्टवेअर तसा इशारा देतं. तो बंद करून काम पुढं गेलं. शीट तपासून सही मी केली होती, त्यामुळं बोल मलाच लावा.

ब्लॉकचा हिशेब तिथंच बिघडला. आठ ठिकाणी २०० मिमी म्हणजे १.६ मीटर भिंत दोनदा मोजली गेली. १.८ मीटर उंचीला ते २.८८ चौरस मीटर होतं, आणि ४०० बाय २०० चा ब्लॉक चौरस मीटरला साडेबारा लागतो. तुमच्या दारात पडलेले जादा ३६ ब्लॉक असे आले.

पण मला जास्त लागलं ते मिस्त्रींचं. त्यांनी विचारलं, ‘या प्रत्येक रेघेवर जोड सोडायचा का?’ त्यांचं बरोबरच होतं. ड्रॉइंगवरची रेघ साइटवर हुकूम असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं त्या भिंतीत एकच एक्स्पान्शन जॉइंट (भिंत उन्हाथंडीत फुगते-आकसते, त्यासाठी मुद्दाम सोडलेली फट) दिला होता, आणि तो आमच्या आठ खोट्या रेघांत हरवला. मिस्त्रींनी विचारलं नसतं तर भिंत आठ जागी कापली गेली असती. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता पायऱ्यांबद्दल. भिंत तिरकी घ्यायला मी आजही हो म्हणणार नाही. ब्लॉकचा थर पाणसळीतच, म्हणजे अगदी आडव्या पातळीतच बसतो. वरची कड उताराला धरून घेतली तर त्या थरातला प्रत्येक ब्लॉक तिरका कापावा लागतो, आणि पाया उतारावर तिरका ठेवला तर भिंतीचं वजन त्याला खाली ढकलत राहतं. म्हणून उतारावर पाया टप्प्याटप्प्यानंच उतरवतात. मात्र आमची पायरी चुकीची होती, हे कबूल करतो. थर सांध्यासकट २०० मिमीचा आणि पायरी ३०० ची, म्हणजे दर पायरीला दीड थर. तो अर्धा थर मिस्त्रींनी कुठून आणायचा?

नवीन ड्रॉइंगमध्ये २८ मीटरची भिंत अखंड एकच आहे. प्रोफाइलमध्ये ४-४ मीटरचे सात टप्पे, म्हणजे दर टप्प्यात लांबीला सरळ दहा ब्लॉक. मध्ये सहा पायऱ्या, प्रत्येक ४०० मिमीची, म्हणजे दोन पूर्ण थर. एकूण उतार पूर्वीइतकाच, २.४ मीटर. गोलाईचा भाग एकाच लेव्हलला ठेवलाय, तिथं पायरी नाही. गोलाईत पायरी पाडणं मिस्त्रींनाही जिकिरीचंच असतं. खालचा काळ्या दगडाचा पाया वेगळा दाखवलाय आणि प्रत्येक पायरीवर वरचा पाया खालच्यावर चढवून घेतलाय. तिथं पोकळी राहिली तर तुमच्याकडच्या पावसात पाणी आत शिरून माती धुऊन नेतं. भिंतीत उभी रेघ आता एकच आहे, इंजिनिअरच्या जॉइंटची, आणि तिच्यावर तसं लिहिलंय.

या ड्रॉइंगची पूर्ण फी परत करतोय. ३६ ब्लॉक परत घेण्याबद्दल तुमच्या सप्लायरशी मी स्वतः बोलेन, त्यानं नाही म्हटलं तर त्यांचे पैसे आमच्याकडून घ्या. दुरुस्तीला आठ दिवस लावले आणि मध्ये फोनही केला नाही, त्याबद्दल माफी मागतो.

एकच विनंती. जुनी प्रिंट साइटवरून आजच काढून टाका. दोन्ही शीटवर नंबर एकच आहे, फक्त रेव्हिजनचा आकडा बदललाय, आणि घाईत चुकीची हातात येऊ शकते. गुरुवारी सकाळी नवी प्रिंट घेऊन मी येतो. मिस्त्री असतील तेव्हाच येतो, म्हणजे चुना मारून पायऱ्यांच्या जागा सगळे मिळून बघू.