भांगेचा दुसरा ग्लास

आमचे नाना पहिल्यांदा डेन्व्हरला, म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या राजधानीत, आले ते २०१५ मध्ये. विमानतळावरून घरी येताना सिग्नलला थांबलो, तर कोपऱ्यावर हिरवा क्रॉस आणि खाली पाटी : 'डिस्पेन्सरी'. नाना खूश. "अरे वा, घराजवळच आहे की. उद्या बीपी बघून घेऊ." त्यांच्या डोळ्यांपुढे गावातले डॉक्टर, लाकडी बाकडं, कंपाउंडर आणि बाटलीतलं गुलाबी औषध. मी हसू दाबत म्हटलं, "नाना, तिथे गांजा मिळतो." पुढचा सिग्नल येईपर्यंत ते गप्प. मग म्हणाले, "दुकानात? पावती देतात?"

देतात. टॅक्ससकट.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर पेटलेलं भांडण. एकाने फॉरवर्ड टाकलं की कोलोरॅडोत गांजा खुला झाला आणि अपघात वाढले. दुसऱ्याने लगेच उलटं टाकलं, काहीही वाढलेलं नाही, सगळा अपप्रचार. आणि दोघांनी मला टॅग केलं, कारण मी इथे राहतो आणि पोटासाठी वाहन विम्याच्या दाव्यांची आकडेमोड करतो. तिथे एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितोय.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेत गांजा खुला करणारी ६४ वी दुरुस्ती मंजूर केली तेव्हा मी एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) होतो, मत नव्हतं. असतं तर बाजूने दिलं असतं. खिशातल्या पुडीसाठी पोरांना, त्यातही जास्त करून काळ्या पोरांना, बेड्या घालून काय साधत होतं? आजही माझं मत तेच आहे. (व्हिसावाल्यांनो, उगाच हुरळू नका. केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदाच आहे. राज्याच्या परवान्याच्या दुकानातून घेतलात तरी ग्रीन कार्डाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं.) पण "कुणाला काही होत नाही, वनस्पतीच तर आहे" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आता अपघात. १ जानेवारी २०१४ ला एकवीस वर्षांवरच्यांसाठी दुकानं उघडली. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतले रस्त्यावरचे मृत्यू मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. निष्कर्ष असा की कायदा न बदललेल्या राज्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही. पुढे त्याच संशोधकांनी पाच वर्षांची आकडेवारी घेतली, तेव्हा दुकानं उघडल्यानंतरच्या काळात वाढ दिसली. म्हणजे ग्रुपवरचे दोघंही खरं बोलत होते, फक्त वेगवेगळ्या सालातलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी २०१० ते २०१४ या काळातल्या २ कोटी ८० लाख हॉस्पिटल नोंदी तपासल्या. न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमाशी तुलना करता कोलोरॅडोत वाहन अपघातामुळे भरती होणारे सुमारे १० टक्क्यांनी वाढले होते, आणि जुनाट दुखण्यासाठी भरती होणारे ५ टक्क्यांनी कमी झाले होते. हा दुसरा आकडा फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. २०२२ मध्ये विमा कंपन्यांच्याच पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने गांजा खुला केलेली पाच राज्यं एकत्र घेतली : इजा झालेले अपघात जवळजवळ ६ टक्के वाढले, मृत्यू ४ टक्के, पण मृत्यूंची वाढ योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणता येईना. शिवाय कोलोरॅडोत वाढ सगळ्यांत जास्त आणि नेवाडात चक्क घट. कायद्याची दिशा तीच, गांजा तोच. मग?

मला विचाराल तर खरी अडचण मोजमापात आहे. दारूचं गणित सोपं असतं. रक्तात जितकी जास्त, तितका माणूस झिंगलेला. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, चरबीत मुरतं. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते कित्येक दिवसांनीही सापडतं, आणि पहिल्यांदाच खाणारा नवखा पार भंजाळलेला असला तरी त्याच्या रक्तात फारसं दिसत नाही. कोलोरॅडोत मर्यादा आहे मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम. तिला शास्त्रीय आधार नाही, असं इथल्या मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेच्या संशोधन विभागाने २०१६ मध्येच सांगितलं. त्यात चालकाच्या रक्तात दारू मर्यादेबाहेर सापडली की बरेचदा पुढची तपासणी होतच नाही, केस तेवढ्यावर उभी राहते. सिम्युलेटरवरच्या चाचण्यांत दारू प्यायलेला गाडी पळवतो आणि गांजा ओढलेला हळू चालवतो, असं दिसतं. त्यावरून बरेच विनोद आहेत. पण तो हळू चालवणारा लेनमध्ये डुलत असतो आणि अचानक काही समोर आलं की त्याचा ब्रेक उशिरा लागतो. आणि दोन्ही एकत्र घेतलं तर विनोद संपला.

तरी मला जास्त धास्ती रस्त्याची नाही. स्वयंपाकघराची आहे.

नानांनी सांगितलेली गोष्ट. त्यांच्या तरुणपणी गावात धुळवडीला भांग घोटली जायची. एका मित्राने ग्लास घेतला, अर्धा तास वाट बघितली, "काही चढत नाही रे, पाणी घातलंय" म्हणून दुसरा लावला. पाऊण तासाने दोन्ही एकदम चढले. तो माळवदावर गेला आणि चालत चालत काठावरून खाली. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात कागदावर काय लिहिलं? 'पाय घसरून पडला.' नाना हसत सांगत होते, पण माझ्यातला आकडेमोड्या त्या कागदावरच अडकला.

ओढलेला गांजा मिनिटांत डोक्यात जातो, माणसाला कळतं आणि तो थांबतो. खाल्लेला पोटातून, यकृतातून फिरून येतो. अर्धा तास, कधी दोन तास. ज्याने भांग प्यायली आहे किंवा पिणाऱ्याला सांभाळलं आहे, त्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. डेन्व्हरच्या दुकानातून मित्राने घेतलेलं बिस्किट खाणाऱ्या पाहुण्याला ठाऊक नव्हतं. मार्च २०१४, दुकानं उघडून तिसरा महिना. शेजारच्या वायोमिंगमधून आलेला १९ वर्षांचा विद्यार्थी. बिस्किटात ६५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे साडेसहा जणांचा डोस. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एक षष्ठांश तुकडा खाल्ला. तासाभरात काही जाणवेना, म्हणून उरलेलं संपवलं. काही तासांनी हॉटेलच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्याने उडी मारली. तो वाचला नाही.

तोच दुसरा ग्लास.

एका बिस्किटाचे साडेसहा भाग करून खायचे असतात, हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल? आपल्याकडे पुरणपोळीचे चार भाग केले तरी लोक विचारतात, बरं नाही का. पुढे नियम आले : प्रत्येक तुकडा वेगळा, दहा मिलिग्रॅमचा, त्यावर खूण. २०१७ मध्ये अस्वलाच्या आणि फळांच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या बंद झाल्या. नियम चांगलेच आहेत, पण आधी माल बाजारात आणि मग शहाणपण, असा तो क्रम होता.

मुलांचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. जेलीच्या गोळ्या, चॉकलेट, ब्राउनी. चार वर्षांच्या पोराने ते खाऊ नये असं त्यात दिसतं तरी काय? कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला, पण क्यूबेक प्रांताने गोळ्या-चॉकलेटं विकायला नकार दिला. इतर मोठ्या प्रांतांत मुलं हॉस्पिटलात जाण्याचं प्रमाण जसं उसळलं, तसं क्यूबेकमध्ये उसळलं नाही. देश तोच, कायदा तोच. फरक काय विकू दिलं याचा. माझ्या मते सगळ्या वादातला सगळ्यांत कामाचा आकडा हा आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या फॉरवर्डमध्ये नसतो, कारण त्याने कुणाचीच जिरत नाही.

ग्रुपवर शेवटी गाडी भारतावर आलीच. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग सुटते. आपल्याकडे रस्त्यावर वर्षाला दीड लाखांहून जास्त माणसं मरतात. चालकाच्या तोंडाला यंत्र लावून दारू शोधली जाते, चिलीम त्या यंत्राला कळत नाही. उद्या दिल्लीने गांजा खुला केला तर आपण वाढ कशाशी ताडून बघणार? 'पाय घसरून पडला'शी?

गेल्या महिन्यात लेकीला मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं होतं. इथे आई-बाप एकमेकांना विचारतात, घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी, बंदूक कुलपात आहे ना. मी हल्ली चौथा प्रश्न विचारतो. त्या बाई पलीकडून सहज "नाही नाही" म्हणाल्या. मग थांबल्या. "एक मिनिट हं, नवऱ्याचा ड्रॉवर बघून सांगते."