सरकता सरकेना

मराठी मध्यमवर्गीय घरात काही वस्तू विकत आणायच्या नसतात, त्या आपोआप येतात. बँकेची डायरी, औषध कंपनीचं पेन, सोनाराकडची कापडी पिशवी. माऊसपॅड याच कुळातला. आमच्याकडे आजवर आलेला प्रत्येक पॅड कुणीतरी, कशाच्या तरी निमित्ताने दिलेला होता. शेवटचा एका पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाचा. डावीकडे लक्ष्मी, उजवीकडे मुदत ठेवींचे व्याजदर आणि मधोमध अध्यक्षांचा हसरा फोटो.

मी डोंबिवलीत घरूनच डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या सुमाराला एखादा अंक. म्हणजे दिवसभर माझा माऊस अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून फिरत असे. आधी त्यांची मिशी गेली. मग चष्म्याची एक काच. मग वरचं चकचकीत आवरण मनगटाच्या बाजूने सुटलं आणि त्याचे पोपडे हाताला चिकटू लागले. खालच्या काळ्या स्पंजचा भुगा तर रोज सकाळी फडक्याने टिपावा लागे. व्याजदर मात्र शेवटपर्यंत ठणठणीत राहिले, कारण तिकडे माझा हात कधी गेलाच नाही.

खरी अडचण नाकाची होती. अध्यक्षांच्या नाकापाशी आवरणाला फुगवटा आला होता. तिथे माऊस अडायचा, आणि जरा जोर केला की थेट कपाळावर जाऊन थांबायचा.

यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याने कधी अनुस्वार पकडलेला नाही. छापखान्यांच्या कृपेने आम्ही अजून जुने फॉन्ट वापरतो आणि त्यांत अनुस्वार हे स्वतंत्र अक्षर असतं. तेवढंच टिंब उचलायचं तर माऊस केसभर हलवावा लागतो. आता थांबलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, तितका ती हलती ठेवायला लागत नाही. स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण, फरक स्पष्ट करा, दोन गुण. शाळेत ते दोन गुण मला मिळाले होते. उरलेला हिशेब अध्यक्षांच्या नाकावर चुकता होत होता. पॅड खराब असला की या दोन घर्षणांतलं अंतर वाढतं. माऊस आधी हलतच नाही आणि हलला की थांबत नाही.

एकदा वधूपिता पत्रिकेचं प्रूफ बघायला शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ‘चि. मंदार’मधला अनुस्वार किंचित उजवीकडे घ्यायचा होता. मी माऊस दाबला. नाक आलं. जोर लावला. पडद्यावर ‘चि. मदांर’ उमटलं. वधूपित्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, “आमच्यात मुलीचं नाव बदलतात. जावयाचं नाही.”

त्याच रात्री मी जेवताना जाहीर केलं, की मी माऊसपॅड विकत आणणार आहे.

आईने वाटीतल्या आमटीकडे बघत विचारलं, “त्या गादीला पैसे पडतात?” बायको म्हणाली, “नुसत्या टेबलावर चालत नाही का रे? माझ्या ऑफिसात कुणाकडेच पॅड नाहीये.”

तिचं चुकत नव्हतं. पूर्वीच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. तिला घरंगळायला खडबडीत जागा लागे, म्हणून पॅड लागे. त्या गोळीला लागलेलं मळाचं कडं नखाने खरवडण्यात आमच्या पिढीचं तारुण्य गेलं. मग 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने कुठेही चालणारा ऑप्टिकल माऊस बाजारात आणला आणि पॅडची गरज संपली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. हा माऊस खालच्या पृष्ठभागाचे दर सेकंदाला शेकड्यांनी नव्हे, हजारांनी फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंत काय सरकलं ते ताडून बाण हलवतो. पण फोटोत काहीतरी दिसायला हवं ना. आमच्या टेबलावर काच आहे. काचेखाली लग्नातला फोटो, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा आणि गणपतीच्या आरत्यांचा कागद. गुळगुळीत काचेवर माऊसला धड काही दिसत नाही. बाण एकतर गप्प बसतो, नाहीतर अंगात आल्यासारखा घुमतो.

“मग काच काढ,” बायको म्हणाली.

“आणि आरत्या कुठे ठेवायच्या?” आईने विचारलं. विषय तिथेच संपला.

लॅमिंग्टन रोडला गेलो. ज्या रस्त्यावर रेझिस्टरपासून सर्व्हरपर्यंत काहीही मिळतं, तिथे मी ‘चांगला, टिकाऊ माऊसपॅड’ मागितला, तर दुकानदार काउंटरवरून वाकून माझ्याकडे बघायला लागला. “भाईसाब, माऊस ले लो, पॅड फ्री में दे दूँगा.” मी म्हटलं, फ्रीवाला नको, पैशांचा दाखवा. त्याने मागच्या पोऱ्याला आवाज दिला, “गेमिंगवाला निकाल!” आणि मला पाणी दिलं.

गेमिंग म्हटल्यावर भाच्याला फोन करणं भाग होतं. हा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घर्षण या विषयात त्याला केटी लागलेली आहे. पण पॅड म्हणताच गडी सुटला. “मामा, तुला कंट्रोल हवाय का स्पीड?” लग्नानंतर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, अनुस्वार पकडायचाय. “मग कंट्रोल,” तो म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी संपूर्ण शास्त्र ऐकलं.

कापडी पॅड म्हणजे वर पॉलिएस्टरचं विणकाम आणि खाली रबर. वीण जाड असली की माऊस जरा धरून चालतो, तो कंट्रोल. वीण बारीक आणि गुळगुळीत असली की पळतो, तो स्पीड. कडक प्लास्टिकचा पॅड वेगवान, पण माऊसचे पाय खातो. काचेचेही पॅड निघालेत. मी म्हटलं, काच तर घरात आहेच. “ती नाही रे मामा. त्या काचेवर मुद्दाम बारीक खरखर केलेली असते, म्हणून सेन्सरला दिसतं.” काचेचा पॅड झिजत नाही म्हणे, पण धुळीचा एक कण पडला तरी हाताला कळतो. आमच्या घराशेजारी पुनर्विकास चालू असल्याने तो पर्याय मी तिथेच सोडला. कापडी घेताना कडा शिवलेल्या बघायच्या, कारण पॅड आधी कडेनेच उसवतो. पण शिवण पॅडच्या वर आलेली नको, दिवसभर मनगटाला चावते. खाली स्पंज नको, रबर हवं, टेबलाला घट्ट धरणारं. जाडी तीन-चार मिलिमीटर. आणि जमलं तर मोठाच घ्यायचा, 90 बाय 40 सेंटिमीटरचा. माऊसखालची जागा झिजून तुळतुळीत झाली की पॅड फिरवून घ्यायचा, कीबोर्डखालची न वापरलेली बाजू उजवीकडे येते. हा सल्ला मला फार आवडला. चादर मधोमध विरली की कापून, कडा आत घेऊन परत शिवणाऱ्या बाईचा मी मुलगा आहे.

किंमत घरी सांगितली नाही. निम्मी सांगितली, तीही जास्त ठरली.

नव्या पॅडवर माऊस ठेवला. अडथळा गेला, नाक गेलं, पण सरकणं काही मनासारखं होईना. एव्हाना तळमजल्यावरचे काका हजर झाले होते. काका म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या गणेशोत्सवातले कॅरमचे कायमचे विजेते. त्यांनी पॅडवरून तळहात फिरवला, नाकाने हुं केलं आणि म्हणाले, “अरे, याला पावडर कुठंय?” मी काही बोलेपर्यंत त्यांनी खिशातून बोरिक पावडरचा डबा काढला. (खिशात का होता, हे विचारायचं राहिलं.) पॅडवर दोन चिमटी पावडर पडली. काकांनी माऊसला टिचकी मारली आणि तो खरोखर पलीकडच्या पॉकेटात, म्हणजे पेनांच्या डब्यावर जाऊन आदळला. काका खूश होऊन खाली गेले. कॅरमच्या पॉलिश केलेल्या प्लायवर पावडरचे कण सुटे राहतात. विणलेल्या कापडात ते जाऊन बसतात, आणि जुलैची हवा लागली की त्यांची कणीक होते. संध्याकाळपर्यंत पॅड पांढरा आणि चिकट. माऊसचं चाक फिरवलं की आतून कुरकुर ऐकू येई.

भाच्याने व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. “मामा, माऊस उलटा कर.” केला. माऊसला खाली चार छोटे चपटे पाय असतात, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. गेमर लोक त्यांना स्केट म्हणतात. प्रत्येक पायाभोवती काळं घट्ट कडं जमलं होतं. दातकोरणीने ते उकरलं आणि त्यातून चकचकीत प्लास्टिकचे बारीक तपकिरी-काळे कपचे निघाले. अध्यक्षांची मिशी कुठे गेली होती ते त्या दिवशी कळलं.

माझं स्पष्ट मत असं, की पॅडला दोष देणाऱ्या निम्म्या लोकांनी आधी माऊस उलटा करावा. कोरडं फडकं, दातकोरणी, पाचेक मिनिटं. पाय झिजून माऊसचं बूड टेकायला लागलं असेल तर नवे पाय मिळतात, टेफ्लॉनचे. तोच टेफ्लॉन, 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रिजमधल्या गॅसवर प्रयोग करत असताना सिलिंडरमधून गॅसऐवजी पांढरी पावडर निघाली, तो. पुढे तो तव्यावर गेला आणि मग माऊसखाली. हे कळल्यावर आईची या प्रकरणातली रुची एकदम वाढली. “मग त्याला स्टीलचं उलथनं लावू नकोस,” ती म्हणाली.

नवे पाय मागवले. हेअर ड्रायरने जुन्यांचा गोंद ऊन करून ते सोडवले, जागा सॅनिटायझरने पुसली, नवे चिकटवले. त्या पायांवर पारदर्शक पापुद्रा असतो, तो शेवटी काढायचा. मी नखाने तो सोलायला लागलो तशी आई ओरडली, “राहू दे की! टीव्हीच्या रिमोटला दहा वर्षं तसाच आहे, बघ कसा नवा दिसतो!” तिची पाठ फिरल्यावर मी तो काढला. आणि काय सांगू, माऊस असा चालला की हात लावायचा अवकाश. अनुस्वार मी नुसते पकडले नाहीत, पकडून परत सोडले, पुन्हा पकडले. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “हं.”

हे सुख पावसाने टिकू दिलं नाही. जुलैत आमच्याकडे हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वरच असतो. कापडी पॅडला ही हवा मानवत नाही आणि घामेजलेला हात तर मुळीच. माऊस सरके, पण कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पॅडला धरून बसे. गेमर यासाठी हातावर बाही चढवतात. ती महाग होती. बायकोचे स्कूटीवर घालायचे दंडापर्यंतचे पांढरे हातमोजे मात्र खुंटीवरच होते. उजव्या हाताचा घातला. बोटं बाहेर काढायला पुढून कात्री लावली, त्याबद्दल नंतर बोलणी झाली. पण हात लोण्यासारखा फिरू लागला. दारावर कुरियरवाला आला तेव्हा मी तसाच उठून सही केली. तो माझ्या हाताकडे आणि मग चपलांच्या कपाटाजवळच्या हेल्मेटकडे बघून म्हणाला, “सर, बाहेर निघाला होता का?”

काकांची पावडर अजून विणीत होतीच. भाच्याने धुवायला सांगितलं. कोमट पाणी, शाम्पूचे दोन थेंब, हाताने हलकं चोळायचं, मशीनमध्ये टाकायचं नाही, पिळायचं नाही, सपाट ठेवून सावलीत वाळवायचं. सगळं तंतोतंत केलं. वाळवणं मात्र जुलैत कुणाच्या हातात नसतं. ओला पॅड दोरीवर टाकला तर वाकडा होईल, म्हणून दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, वारा लागेल अशा जागी जमिनीवर पसरून ठेवला. काळा, लांबट, कडा शिवलेल्या, खाली रबर.

दुपारी कामवाल्या मावशी आल्या. छत्री टेकवली आणि दोन्ही पाय त्यावर खसाखसा पुसून आत आल्या. मागून काका आले, त्यांनीही पुसले. मी बाहेर धावलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याने पॅडचा कोपरा दाबून बघत होती.

“दादा, हे कुठून आणलंत?” मावशी म्हणाल्या. “बाकीची पायपुसणी सरकतात. हे जागचं हलत नाही बघा.”

“पाणीही पितं,” काकांनी पुस्ती जोडली.

आईने मला खरी किंमत विचारली. या वेळी मी पूर्ण सांगितली. तिने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाली, “घे मग अजून दोन. एक मोरीबाहेर, एक देवघरापाशी. आणि तुझ्यासाठी पतपेढीत विचारते, त्यांच्याकडे अजून शिल्लक असतील.”